वडील तोफखान्यातून निवृत्त आहेत, ऐकू कमी येते, आवाजही क्षीण झाला आहे. संशोधनातून औषध येईपर्यंत थांबावे का?

अजिबात थांबू नये. अमेरिकेत पोर्टलंड येथे १९९७ पासून निवृत्त सैनिकांच्या श्रवणदोषांसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. तिथेही आज भर आहे तो श्रवणयंत्र, समुपदेशन आणि कानात सतत वाजणाऱ्या आवाजासह जगण्याच्या प्रशिक्षणावर. माणसाच्या अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि त्या उगवाव्यात म्हणून तयार केलेले एफएक्स-३२२ हे औषध २०२३ मध्ये चाचणीत अपयशी ठरले.

माझे वडीलही तोफखान्यातच होते. नौपाड्यातील आमच्या घरी समोर बसून बोललेले अण्णांना नीट कळे. परंतु गणपतीत घर भरले की ते भलतेच उत्तर देत, नाहीतर गप्प बसत. ‘अण्णांना हवे तेवढेच ऐकू येते,’ असे दादा चारचौघांत म्हणत असे. एका खासगी केंद्रातील ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, ‘वयाच्या मानाने ठीक’ असा शेरा आला आणि दादाने यंत्राचा विषयच बंद केला. अण्णांनी मित्रांसोबत तलावपाळीवर बसणेही सोडले, याचे मात्र त्याला काहीच वाटले नाही.

कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवून दिले की प्रचंड आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, केशपेशीही शाबूत राहतात, तरी त्या पेशी आणि श्रवणतंतू यांच्यातील कितीतरी जोडण्या कायमच्या तुटतात. शांत खोलीत बारीक सूर ऐकवून केलेल्या चाचणीत हे नुकसान दिसत नाही. मी अण्णांना वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवरील संस्थेत नेले, तेव्हा गोंगाटातील बोलणे ओळखण्याच्या चाचणीत अर्ध्याहून अधिक शब्द त्यांच्या हातून निसटले. यंत्रानंतर ते पुन्हा माणसांत बसू लागले. दादाने आपले म्हणणे अजून मागे घेतलेले नाही.

आवाजासाठी आधी ईएनटी डॉक्टरांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्यावे. कारण पार्किन्सन निघाले, तर मोठ्याने बोलण्याचा सराव करून घेणारी ली सिल्व्हरमन पद्धतीची स्पीच थेरपी घ्यावी. ती चार आठवड्यांत सोळा सत्रांची असते, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ती नेहमीच्या थेरपीपेक्षा सरस ठरली.

मी डॉक्टर नाही, हेही सांगायला हवे. माणसांमध्ये तुटलेल्या जोडण्या थेट मोजण्याची खात्रीची पद्धत अजून नाही. त्यामुळे अण्णांचे नेमके तेच झाले, असे कोणी लिहून देणार नाही. यंत्राने गर्दीतले सगळे कळू लागते असेही नाही. एक कान अचानक बंद झाला असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे कार्ड असल्यास यंत्र घेण्यापूर्वी त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून शिफारस घ्यावी. आणि वडील मुद्दाम ऐकत नाहीत असे घरात कोणी म्हणत असेल, तर गोंगाटातील चाचणीच्या वेळी त्या व्यक्तीला आवर्जून सोबत न्यावे.