जुन्या स्पोर्ट्‌स कारचं वेड आणि मेकॅनिकलची पदवी

प्रश्न : मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचं त्याला लहानपणापासून वेड. आता कॉलेज सोडून गॅरेजमध्येच जातो म्हणतो. काय करावं? – एक आई, नाशिक

नमस्कार ताई,

बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून तो कार्ब्युरेटर खोलतो आणि एकेक जेट रॉकेलनं धुतो, असं तुम्ही लिहिलंय. वाचून मला फार बरं वाटलं. हे वेड मोडू नका. पण पदवीही सोडू देऊ नका, कारण ती याच कामाला लागते.

त्याची लाडकी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच घ्या. 1962 साली आलेल्या या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बॉडीच सगळा भार उचलते. दाराखालची सिल, म्हणजे पत्र्याची लांब पोकळ पट्टी, गंजली की कापून नवी वेल्ड करावी लागते. कापण्याआधी आतून आधार दिला नाही, तर बॉडी मधोमध खचते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. आधार कुठे द्यायचा, हे भार कुठून कुठे जातो ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ त्यानं जेमतेम काढला म्हणता ना, तो हाच विषय!

लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होते, तेव्हाच त्यांनी जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी बांधायला घेतली. 1952 साली कंपनी काढली, तरी अ‍ॅल्युमिनियम कंपनीतली नोकरी 1955 पर्यंत सोडली नाही.

मात्र नुसत्या पदवीनं हात बसत नाही. सुट्टीत त्याला मुरलेल्या डेंटरकडे पाठवा. पत्र्याला गोलाई आणणं, गॅस वेल्डिंग, लेथ हे तिथेच येतं. पगाराची अपेक्षा नको, वेळेवर जाणं हवं. पुढे परवडलं तर अमेरिकेत, कॅन्ससच्या मॅकफर्सन कॉलेजात जुन्या गाड्यांच्या रिस्टोरेशनची, म्हणजे त्या मूळ रूपात आणण्याच्या कामाची, चार वर्षांची पदवी आहे.

आपल्याकडे 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिचा धंद्यासाठी वापर चालत नाही, म्हणजे लग्नाच्या वरातींना भाड्यानं देऊ हा हिशेब मनातून काढा. कमाई रिस्टोरेशनच्या कामातूनच यायला हवी, आणि मूळपण जपणाऱ्यालाच ते काम मिळेल.

गाडी घ्यायला कर्ज मात्र काढू नका. आधी दुसऱ्यांच्या गाड्यांवर हात बसू दे. सुटा केलेला प्रत्येक भाग, त्याचं माप, फोटो, काय बदललं आणि का, हे त्यानं वहीत नोंदवावं. नोकरीच्या मुलाखतीला जाताना मार्कशीटसोबत ती वहीही न्यावी.