झिरो पर्सेंट म्हणाले होते, मग हे पैसे कसले?

प्रश्न: ताई नमस्कार. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. मागच्या सीझनला माल कमी आला, त्यात वाशीच्या दलालाकडून पट्टी (मालाचा हिशेब आणि पैसे) यायला उशीर झाला, आणि मांगराचे (बागेतल्या खोपीचे) पत्रे, औषधं, पेट्या असं करत करत क्रेडिट कार्डावर ८०,००० कधी झाले ते कळलंच नाही. दर महिन्याला मिनिमम, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरत होतो. नोव्हेंबरात दुसऱ्या बँकेचा फोन आला, की सर तुमचं आउटस्टँडिंग, म्हणजे थकलेली बाकी, आमच्या कार्डावर घ्या, सहा महिने झिरो पर्सेंट. मी हो म्हटलं. आता दोन्हीकडून पैसे मागतायत! जुन्या कार्डावर १,७३८ रुपये आणि वर लेट फी, नव्या कार्डावर आधी १,८८८ आणि मग जानेवारीच्या स्टेटमेंटला व्याज ५११ आणि जीएसटी ९२. फवारणीचा पंप आणि औषध मिळून १२,००० ची खरेदी नव्या कार्डावर केली होती, पण मी तर १५,००० भरले, म्हणजे खरेदी पूर्ण फिटली ना? झिरो पर्सेंट होतं मग व्याज कसलं? मला फसवलं का? स्टेटमेंटं आणि ॲग्रीमेंटची पानं सोबत पाठवतोय, अक्षर इतकं बारीक आहे की चष्मा लावूनही दिसत नाही.
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर: पानं मिळाली. मीसुद्धा मोबाईलवर फोटो मोठा करून करूनच वाचली, त्यामुळे चष्म्याला दोष देऊ नका. दलालाची पट्टी हातात आली की तुम्ही काय करता? वर लिहिलेला पेटीचा भाव बघून कोणी खूश होत नाही, नजर आधी खाली जाते, भाडं किती, हमाली किती, हातात काय राहिलं. ‘झिरो पर्सेंट’ हा तो वरचा भाव आहे हो, खालच्या ओळी फोनवर कोणी वाचून दाखवत नाही. आता तुमच्या एकेक ओळी बघू.

१,८८८ चं सोपं आहे. तुमच्या ॲग्रीमेंटच्या दुसऱ्या पानावर प्रोसेसिंग फी २ टक्के लिहिलीय, ८०,००० वर १,६०० झाले, आणि फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २८८. बेरीज १,८८८. व्याज शून्य आहे, पण फी शून्य आहे असं कुठे लिहिलेलं नाही, आणि फोनवाल्याने ‘व्याज’ हाच शब्द धरून ठेवला. याला मी फसवणूक म्हणणार नाही, अर्धवट सांगणं म्हणेन. पण फी लिहिलेलं पान तुम्हाला हो म्हणायच्या आधी मिळालंच नसेल, नुसतं फोनवर घेतलं असेल, तर त्या कॉलचं रेकॉर्डिंग मागा आणि बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

आता जुन्या कार्डाचे १,७३८, ज्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलाय. जुनं स्टेटमेंट १० नोव्हेंबरचं, तेव्हा बाकी ८०,०००. नव्या बँकेचे पैसे तिथे पोचले २६ नोव्हेंबरला. मधले १६ दिवस ती रक्कम जुन्याच कार्डावर होती, आणि कार्डाचं व्याज रोजच्या रोज चालतं, स्टेटमेंट छापून झालं म्हणून थांबत नाही. तुमच्या जुन्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. ८०,००० वर दिवसाला साधारण ९२ रुपये. सोळा दिवसांचे १,४७३, त्यावर जीएसटी २६५, झाले १,७३८. हो, कार्डाच्या व्याजावरही जीएसटी लागतो, बाकी कर्जांच्या व्याजावर लागत नाही पण कार्डाला ती सूट नाही. म्हणजे हा खर्च ट्रान्सफरमुळे, बाकी नव्या कार्डावर नेल्यामुळे, नाही आला, ट्रान्सफर केली नसती तरी हे १६ दिवस भरावेच लागले असते. फक्त तो डिसेंबरच्या स्टेटमेंटला आला आणि तुम्ही ‘जुनं कार्ड संपलं’ म्हणून ते स्टेटमेंट उघडलंच नाही, म्हणून मग लेट फी. हे अगदी सगळ्यांचं होतं. माझंही झालंय, गणपतीच्या खरेदीचं कार्ड एकदा ‘फिटलं’ समजून मी बाजूला ठेवलं आणि तीनशे-साडेतीनशे रुपयांच्या उरलेल्या व्याजासाठी त्याहून जास्त दंड भरला, घरात अजून त्यावरून बोलतात.

आधी ते १,७३८ भरून टाका, मग कस्टमर केअरला फोन करून पहिलीच चूक आहे असं सांगून लेट फी माफ करायला सांगा, पुष्कळदा एकदा करतात. ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त झाले असतील तरच लेट फी लावता येते, तुमचे जास्त झालेत म्हणून फी बरोबर आहे. पण फेब्रुवारीच्या स्टेटमेंटला एक बघा, त्या लेट फीवर किंवा जीएसटीवर पुन्हा व्याज लावलं असेल तर ते चूक. न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारायचं नाही असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डांबाबतच्या निर्देशांत आहे. सगळं शून्य झालं की कार्ड बंद करायची विनंती लेखी द्या, सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर त्यापुढे दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. फक्त बाकी काहीच राहिलेली नसावी, एक रुपयाही नको.

आता ते ५११. इथे मात्र मलाही दोनदा वाचावं लागलं. तुमचं पहिलं स्टेटमेंट २० डिसेंबरचं, त्यात ८०,००० ट्रान्सफर, १,८८८ फी आणि १४ डिसेंबरची १२,००० ची खरेदी, एकूण ९३,८८८. तुमचा हिशेब असा, की १२,००० खरेदी अधिक १,८८८ फी म्हणजे १३,८८८, मी तर १५,००० भरतोय, उलट जास्तच. कोणीही असाच हिशेब करेल! पण भरलेले पैसे कशात आधी वळते करायचे तो क्रम बँकेने ठरवलेला असतो, आणि तो तुम्ही पाठवलेल्या अटींच्या चौथ्या पानावर, अगदी तळाला आहे: आधी कर, मग फी, मग व्याज, मग ईएमआय, मग बॅलन्स ट्रान्सफर, मग खरेदी, शेवटी कार्डावर काढलेली कॅश. म्हणजे तुमच्या १५,००० मधले १,८८८ फीत गेले आणि उरलेले १३,११२ सगळेच्या सगळे त्या झिरो पर्सेंटवाल्या रकमेत. ट्रान्सफरचे राहिले ६६,८८८ आणि पंपाचे १२,००० जसेच्या तसे उभे, आणि त्यांना झिरो पर्सेंट नाही, त्यांना तुमच्या नव्या कार्डाचा नेहमीचा साडेतीन टक्के. ज्या पैशावर व्याज नाही ते आधी फिटवून घ्यायचं आणि ज्याच्यावर आहे ते मागे ठेवायचं, बँकेच्या बाजूने बघितलं तर हुशारी आहे.

वर दुसरी गोष्ट. मागच्या बिलाची बाकी राहिली की खरेदीवरचा बिनव्याजी काळ जातो, व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात. १४ डिसेंबर ते २० जानेवारी ३७ दिवस, १२,००० वर ४२ टक्क्यांनी ५११, जीएसटी ९२. पैसा न पैसा जुळतो, मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते.

आता तुम्हाला वाटेल १२,६०३ भरून हे मिटवू. नाही मिटणार, ते पैसेही आधी ट्रान्सफरमध्येच जातील. ट्रान्सफर फिटेपर्यंत हे १२,००० दिवसाला १४ रुपयांच्या आसपास खात राहणार, महिन्याला जीएसटी धरून पाचशेच्या घरात. बँकेला विचारा की तेवढी खरेदी वेगळ्या ईएमआयवर टाकता येईल का, त्याचा दर आणि फी आधी लिहून मागा, मग ठरवा. आणि त्या कार्डावर आता एक रुपयाचंही नवीन काही घेऊ नका, डिझेलसुद्धा नको. ते कार्ड पाकिटात ठेवू नका, कपाटात ठेवा.

एवढं सगळं असूनही तुम्ही व्यवहार वाईट केला नाहीत, हे मी मुद्दाम सांगते कारण पत्रात तुम्ही स्वतःलाच फार बोललायत. जुन्याच कार्डावर ८०,००० ठेवले असते तर महिन्याला २,८०० व्याज आणि ५०४ जीएसटी, ३,३०० च्या वर. त्यापुढे १,८८८ ची फी एका महिन्यातच वसूल झाली.

खरी काळजी तारखेची आहे. सहा महिने २६ नोव्हेंबरपासून मोजले तर २६ मेला संपतात, आणि तुमचे आंब्याचे पैसे एप्रिल-मेत येणार, म्हणजे पट्टी पुन्हा पंधरा दिवस लांबली की गेलं. तोवर नुसतं पाच टक्के मिनिमम भरत राहिलात तर मेअखेर ट्रान्सफरचे साधारण ५४ हजार शिल्लक असतील आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनाही साडेतीन टक्के लागतील. म्हणून पहिल्या पेट्यांचे पैसे येतील ते थेट इथे भरा, बाकीची देणी थोडी थांबतील. जूनच्या पावसात मांगराची डागडुजी निघेलच, तेव्हा पुन्हा याच कार्डाकडे हात जाईल म्हणून आधीच सांगते.

प्रश्न: माझी रत्नागिरीत छोटी खानावळ आहे. ६०,००० चं बॅलन्स ट्रान्सफर १२ महिन्यांच्या ईएमआयवर ‘महिना फक्त १ टक्का’ देतायत. एक टक्का म्हणजे वर्षाला बारा, कार्डाच्या महिना साडेतीन टक्क्यांच्या मानाने स्वस्तच झालं ना?
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर: एकच विचारा, ईएमआय किती? ५,३३१ म्हणाले तर व्याज खरंच कमी होत जाणाऱ्या मुद्दलावर आहे आणि वर्षभरात साधारण ३,९७० व्याज जाईल. ५,६०० म्हणाले तर तो फ्लॅट रेट, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वरच, ७,२०० रुपये. तो ‘बारा टक्के’ प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. शिवाय त्या व्याजावर जीएसटी ईएमआयच्या बाहेर लागतो, म्हणून पहिल्या महिन्याच्या स्टेटमेंटला ५,७०० च्या वर आकडा दिसला तर घाबरू नका, आणि प्रोसेसिंग फी आहेच. तरीसुद्धा साडेतीन टक्क्यांपेक्षा स्वस्त आहे, हे खरं.

वर्षाचा दर, म्हणजे एपीआर, बॅलन्स ट्रान्सफरसाठी वेगळा असेल तर तो वेगळा सांगायचा असं बँकांवर बंधन आहे, तो व्हॉट्सॲपवर नको, मेलवर मागा. आणि दिवाळीच्या सीझनला पैसे आले की एकदम फेडायचा विचार असेल तर आधी फोरक्लोजर चार्ज विचारा, काही ठिकाणी उरलेल्या मुद्दलाच्या तीन टक्के अधिक जीएसटी घेतात. अजून एक, ६०,००० तेवढं लिमिट अडकून राहतं, ईएमआय फिटेल तसं मोकळं होतं, तेव्हा गॅस-किराण्याला ते कार्ड वापरायचं मनात असेल तर मोजून बघा.

प्रश्न: कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, कोर्टाचा निकाल आहे, असा मेसेज आमच्या वेंगुर्ल्याच्या ग्रुपवर फिरतोय. मग आम्ही ४२ का भरायचे?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर: मेसेज अर्धा खरा आहे आणि जुना आहे. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असं म्हटलं होतं. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या निकालाच्या भरवशावर कोणी हप्ते थांबवले असतील तर आधी ते पुन्हा सुरू करायला सांगा, हप्ते चुकले की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो. मेसेज पाठवणाऱ्याला ही तारीख परत पाठवा.