अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या घोड्यांच्या प्रदेशात गाडीने दोन दिवस फिरायचं असेल तर काय काय पाहावं?

मुक्काम लेक्सिंग्टनला करा आणि पहिल्या दिवशी पहाटेच कीनलँड गाठा. हे रेसकोर्स १९३६ सालचं. शर्यती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्येच होतात, पण सकाळचा सराव कठड्याशी उभं राहून फुकट पाहता येतो. आम्ही गेलो तेव्हा धुकं होतं. घोडा दिसायच्या आधी त्याचा श्वास ऐकू आला, दर झेपेला एक फुत्कार. मग ओली काळी मान बाहेर आली आणि क्षणात समोरून गेलीसुद्धा.

तिथून हायवेला लागू नका, ओल्ड फ्रँकफर्ट पाइक घ्या. दोन्ही बाजूंना स्टड फार्म, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीची फार्म, काळ्या फळ्यांची कुंपणं आणि मधूनमधून दगडी गडगे. अगदी कोकणातल्यासारखे: चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड आणि माथ्यावर तिरप्या उभ्या दगडांची रांग. हे काम आधी आयरिश गवंड्यांचं आणि पुढे गुलामगिरीत राबणाऱ्या कृष्णवर्णीय कारागिरांचं. दगड चुनखडीचा. तोच खडक इथल्या जमिनीखाली आहे, त्यामुळे गवतात कॅल्शियम उतरतं आणि शिंगरांची हाडं बळकट होतात, असं इथले लोक सांगतात.

दुपारी केंटकी हॉर्स पार्क. २१ पैकी २० शर्यती जिंकलेल्या मॅन ओ' वॉर या घोड्याच्या पुतळ्यापाशी सगळे फोटो काढतात. जवळच आयझॅक मर्फी या कृष्णवर्णीय जॉकीची कबर आहे, तिथे मात्र जरूर थांबा. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बी या प्रसिद्ध शर्यतीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन डर्बी जिंकल्या. १८९६ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला, आणि पुढे त्याची कबर कुठे आहे हेही लोक विसरले. ती सापडली १९६० च्या दशकात. लेक्सिंग्टन शहरातल्या सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या आफ्रिकन सिमेटरी नंबर २ या दफनभूमीत त्याला आधी पुरलं होतं. तीही बघाच. तिथे किती जॉकी, ट्रेनर आणि मोतद्दार विसावले आहेत! मला या सबंध सहलीत तिच्याइतकं महत्त्वाचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पॅरिस गावाजवळचं क्लेबोर्न फार्म. १९७३ ची बेलमाँट शर्यत घोड्याच्या ३१ लांबींनी जिंकणारा सेक्रेटेरिएट हा घोडा इथे पुरलेला आहे. शर्यतीच्या घोड्याचं फक्त डोकं, हृदय आणि खुरं पुरण्याचा रिवाज, पण त्याला अख्खा पुरलाय. बुकिंग मात्र आधीच करा, आयत्या वेळी गेलात तर फाटकावरूनच परतावं लागेल.