वाचकांचे प्रश्न : हौशी (हॅम) रेडिओत एएमवरचे (ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन) लांबचे संपर्क आणि अँटेनांची तुलना

प्रश्न : ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) घर आणि कडुनिंबाच्या मध्ये साडेआठ मीटर उंचीवर डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार) ताणला आहे. वावरात बांबूवर १० मीटरचा व्हर्टिकलही (उभी तार) उभा केला, खाली चार रेडियल (बुंध्यापासून जमिनीवर पसरलेल्या तारा). एएमवर कधी डायपोल वरचढ ठरतो, कधी व्हर्टिकल. आजचा निकाल उद्या उलटतो. कोणता ठेवू?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

दोन्ही ठेवा. कोणता चांगला हे अंतर सांगितल्याशिवाय ठरतच नाही.

७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४२ मीटरच्या आसपास येते. तुमचा डायपोल पाव तरंगलांबीपेक्षाही खाली आहे, म्हणून त्याची बहुतेक शक्ती थेट डोक्यावर जाते. दारव्ह्याहून हैदराबाद सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. लहर आयनमंडलावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येते; इतक्या जवळ उतरायला ती साधारण ६० अंशांनी चढावी लागते आणि दिवसा तिथे डायपोलच जिंकणार. रात्री दोन-तीन हजार किलोमीटरवरचे स्टेशन १५ अंशांच्या आतल्या कोनात येते; ती बाजू व्हर्टिकलची. वहीत जवळचे आणि लांबचे संपर्क वेगळ्या पानांवर लिहा, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

उरलेला अर्धा फेडिंगचा, म्हणजे सिग्नलच्या चढ-उताराचा. आयनमंडलातून परतताना लहरीचे ध्रुवीकरण (तिच्या कंपनाची दिशा) फिरत राहते, त्यामुळे एका क्षणी आडवी तार जास्त उचलते, काही सेकंदांनी उभी. एकदा स्विच फिरवून एस-मीटर (रेडिओवरचा सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) वाचणे म्हणजे नाणे उडवणे. तुलना अशी करा : दोन्ही अँटेनांना एकाच जातीची, एकाच लांबीची केबल. रेडिओशेजारी दोन वाटांचा कोॲक्स स्विच. समोरच्याने एएमवर बोलत राहावे, तुम्ही दर पाच सेकंदांना अँटेना बदलायचा, दोन-तीन मिनिटांत निदान वीस वेळा, आणि प्रत्येक वाचन लिहायचे. शेवटी दोन्हींची सरासरी काढा. या कामाला एएमसारखा प्रकार नाही. एसएसबीत (ज्या प्रकारात बोलल्याशिवाय लहर जातच नाही) माणूस श्वास घ्यायला थांबला तरी मीटर खाली येतो. एएमचा कॅरियर (आवाज वाहणारी मूळ लहर) बोलणे असो-नसो तेवढाच राहतो.

एस-मीटरवर मात्र आंधळा विश्वास नको. एक एस म्हणजे ६ डेसिबल हे पुस्तकातले माप. पुष्कळ रेडिओंत एस-९ च्या खाली ते बरेच कमी भरते. रेडिओतला ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक मापाने कमी करणारे बटण) दाबा. तो २० डेसिबलचा असेल आणि काटा पाच घरे उतरला, तर त्या भागात तुमचे एक घर ४ डेसिबलचे. पाठवण्याची तुलना करताना समोरच्याला अँटेनाचे नाव सांगू नका, ‘अ’ आणि ‘ब’ एवढेच म्हणा. नाव कळले की कानही पक्षपात करतात.

आणखी एक तपासणी राहिली. डायपोलवर ऐकत असताना व्हर्टिकलची केबल तळाशी काढून पाहा. वाचन बदलले तर दोघे एकमेकांत अडकले आहेत. मध्ये किमान २० मीटर अंतर ठेवा.

चार रेडियल कमीच. व्हर्टिकलचा एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १ वर आला म्हणून समाधान मानू नका. पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनाचा स्वतःचा रोध ३६ ओहमच्या आसपास असतो. एसडब्ल्यूआर १ म्हणजे मीटरवर ५० ओहम दिसत असतील, तर वरचे १४ ओहम माती खात आहे, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त शक्ती. रेडियल सोळापर्यंत वाढवा. एसडब्ल्यूआर १.४ कडे सरकला तर काम बरोबर चालले आहे. जमिनीवरच्या रेडियलची लांबी काटेकोर नको. पाच-सहा मीटरचे सोळा हे दहा मीटरच्या चारपेक्षा बरे. वखर-डवऱ्याच्या वाटेत तार टिकत नाही, म्हणून अँटेना धुऱ्यावर घ्या. जमतील तेवढे रेडियल धुऱ्याच्या कडेने न्या, बाकीचे पीक निघाल्यावर पसरा. आणि तुलनेच्या वहीत महिना लिहाच. आपली काळी माती श्रावणात ओली असताना व्हर्टिकलला चांगली साथ देते, मे महिन्यात भेगाळल्यावर तोच अँटेना मागे पडतो.

प्रश्न : १०० वॅटचा रेडिओ आहे. १० मीटर बँडवर (२९ मेगाहर्ट्झच्या आसपास) एएममध्ये बोललो की समोरचे ‘आवाज फाटतो’ म्हणतात. लांबच्या स्टेशनचा आवाजही मला मधूनमधून फाटलेलाच येतो.
– एक वाचक, परतवाडा, जि. अमरावती

दोन्हींची कारणे वेगळी आहेत. पूर्ण मॉड्युलेशनला (आवाज कॅरियरवर पुरेपूर चढला की) व्होल्टेज दुप्पट होते, म्हणजे शिखरावरची शक्ती कॅरियरच्या चौपट. १०० वॅटच्या रेडिओत कॅरियर २५ वॅटच्या वर गेला की शिखरांना जागाच उरत नाही. कॅरियर २० ते २५ वॅटवर बांधा, स्पीच प्रोसेसर बंद करा आणि बोलताना एएलसीचा (शक्ती आपोआप आवरणाऱ्या सोयीचा) काटा जेमतेम हलेल इतकाच माइक गेन ठेवा. कॅरियर सतत चालू राहतो, म्हणून उन्हाळ्यात दोन-तीन मिनिटांच्या वर एका दमात बोलू नका. मागची जाळी गरम लागली की थांबा.

तुम्हाला ऐकू येणारे फाटणे वाटेतले आहे. फेडिंगमध्ये कॅरियर खचतो, बाजूपट्ट्या (कॅरियरच्या दोन बाजूंचे, आवाज असलेले भाग) टिकतात आणि आवाज वेगळा काढणारा डिटेक्टर गोंधळतो. अशा वेळी रेडिओ एसएसबीवर घ्या, शिट्टी शून्यावर येईपर्यंत कॅरियर जुळवा, मग दोनपैकी जी बाजूपट्टी स्वच्छ असेल ती ऐका. फरक लगेच जाणवतो.

२९.० मेगाहर्ट्झसाठी डायपोलची एकूण लांबी ४.९३ मीटर, म्हणजे १४३ भागिले २९. पाच मीटरवर बांधला तर मुख्य झोत ३० अंशांच्या आसपास, दहा मीटरवर १४-१५ अंशांना. लांबच्या संपर्कासाठी इथे उंचीवर खर्च करा. तार ईशान्य-नैऋत्य ताणली की वायव्येला युरोप आणि आग्नेयेला ऑस्ट्रेलिया झोतात येतात.

प्रश्न : रेडिओवर दर सेकंदाला ‘टक्’ वाजते. शेजारच्या शेतात रानडुकरांसाठी झटका मशीन आहे. तेच असेल का?
– एक वाचक, चिमूर, जि. चंद्रपूर

बहुधा तेच, पण दोष मशीनपेक्षा तारेत सापडतो. तारेला गवत टेकले, इन्सुलेटर तडकला किंवा गाठ सैल झाली की प्रत्येक झटक्याला ठिणगी पडते आणि ठिणगी सगळ्या बँडवर ऐकू येते. अंधारात, मालकाला सोबत घेऊन, छोटा मिडियम वेव्ह रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून कुंपणाकडेने चाला. आवाज वाढेल तिथे ठिणगी दिसतेही. तिथले गवत छाटा, इन्सुलेटर बदला, गाठ घट्ट करा. कुंपणाचा झटकाही जोरकस होतो, त्यामुळे शेजारी सहसा नाही म्हणत नाही. मशीनचे अर्थिंग आणि रेडिओचे अर्थिंग मात्र जोडू नका. तोवर रेडिओतला नॉइज ब्लँकर (असे ठोके गाळणारी सोय) लावा, इतक्या आखूड ठोक्यांवर तो चांगला चालतो. कुंपणात थेट लाईन सोडलेली असल्याची शंका आली तर जवळ जाऊ नका, आधी वीज कार्यालयाला कळवा.

दिवसभर गुरगुर आणि सूर्य मावळताच शांत, असे असेल तर सौर पंपाचा कंट्रोलर पाहा. मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही तारा एकत्र धरून फेराइट कड्यातून पाच-सहा वेढे द्या, कंट्रोलरच्या अगदी जवळ.

प्रश्न : अँटेनाचा बांबूचा खांब पावसाळ्यात दरवर्षी कलतो.
– एक वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला

काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते. पाऊण मीटर खोल आणि खांबाच्या चौपट रुंद खड्डा घ्या, बुंध्याभोवती माती न घालता मुरूम ठोकून भरा आणि खांबाच्या तिन्ही ताणदोऱ्या जूनच्या पहिल्या पावसानंतर पुन्हा आवळा.