नाकातून मेंदूच्या तळापर्यंतची मोजमापं: याची डिग्री कोणती?

ताई, दिग्रसजवळच्या गावातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. यजमानांच्या पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची गाठ नागपुरात नाकातून दुर्बिणीनं काढली, कवटी उघडावी लागली नाही, हे वाचून फार बरं वाटलं. ऑपरेशनआधी डॉक्टर सीटी स्कॅनवर अंतरं मोजत होते, ते अकरावीतल्या तुमच्या लेकीनं पाहिलं आणि तेव्हापासून तिला हेच काम करायचं आहे. याची डिग्री कोणती आणि कोरडवाहू शेतीवर ते शिक्षण झेपेल का, असं तुम्ही विचारता.

या मोजमापाची वेगळी अशी डिग्री नाही. रेडिओग्राफर स्कॅन काढतो, रेडिओलॉजिस्ट तो वाचतो आणि ऑपरेशन करणारा सर्जन स्वतः पुन्हा मोजतो, कारण दुर्बीण त्याच्या हातात असते. म्हणून लेकीला आधी विचारा: तिला पेशंटवर उपचार करायचे आहेत, की स्कॅनवर काम करायचं आहे?

तिनं काय पाहिलं ते तुम्हालाही कळायला हवं. नाकपुडीच्या कडेपासून स्फेनॉइड सायनस या नाकामागच्या हाडातल्या पोकळीच्या तोंडापर्यंत मोठ्या माणसात साधारण 7 सेंटीमीटर अंतर असतं. नाकाच्या तळापासून सुमारे 30 अंश वर चढत तिथं पोचायचं. त्या सायनसच्या मागच्या भिंतीपलीकडे पिट्युटरी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या. या दोन धमन्यांमध्ये जेवढी जागा, तेवढीच सर्जनची वाट. काहींमध्ये धमनीवरचं हाडाचं आवरणही नसतं. वास घेणाऱ्या भागाखालची खाच कुणाची 1 ते 3 मिलिमीटर खोल, तर कुणाची 8 ते 16. केरोस या शरीररचनातज्ज्ञानं 1962 मध्ये केलेली ही वर्गवारी आजही वापरतात. पुस्तकातल्या सरासरीवर कुणाचं नाक उघडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक पेशंटचं नव्यानं मोजावंच लागतं. मेडिकल कॉलेजांच्या ॲनाटॉमी विभागांत सुक्या कवट्यांवरही अशी मापं घेतात, आणि तिथं लागणारा व्हर्नियर कॅलिपर तुमची लेक याच वर्षी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला हाताळते आहे.

उपचारच करायचे असतील तर आधी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, मग एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. पुढे कान-नाक-घशाचं एमएस तीन वर्षं. न्यूरोसर्जन व्हायचं तर सहसा जनरल सर्जरीचं एमएस तीन वर्षं आणि त्यावर एमसीएच ही त्यापुढची पदवी, आणखी तीन. नाकातून होणाऱ्या या ऑपरेशनला बहुतेकदा हे दोन्ही सर्जन एकत्र उभे असतात. रस्ता लांबचा आहे, पण सरकारी कॉलेजं यवतमाळ, अकोला, नागपूरला आहेत, आणि सेवाग्रामचं कॉलेज तर 1969 पासून ग्रामीण भागासाठीच उभं आहे.

स्कॅनवर काम करायचं असेल तर बारावीनंतर रेडिओग्राफीचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम आहे. तीन वर्षं आणि इंटर्नशिप, की लगेच कमाई. याला कमी लेखू नका; स्कॅनच नीट निघाला नाही तर पुढचं सगळं माप चुकतं. आणि गणितात गोडी असेल तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग: स्कॅनवरून कवटीचं थ्रीडी मॉडेल बनवणं, ऑपरेशनमध्ये दिशा दाखवणारी नॅव्हिगेशन यंत्रणा तयार करणं. तुमच्या पत्रावरून मला तरी ती इकडेच जास्त झुकलेली वाटते.

म्हणून आज एकच आग्रह: तिला गणित विषय सोडायला लावू नका. नीटसाठी गणित काढून टाका, असं क्लासवाले सांगतील. बारावीपर्यंत गणित आणि बायोलॉजी दोन्ही राहिले, तर नीट आणि राज्याच्या सीईटीचे गणिताचा व बायोलॉजीचा असे दोन्ही गट देता येतील.

घरी स्कॅनची सीडी असेल, तर शाळेच्या कॉम्प्युटरवर थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर टाकून तिला वडिलांचं ते अंतर स्वतः मोजू द्या. महिनाभर त्यात रमली, तर आवड खरी आहे.

खर्चाचं: 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी 2024-25 पासून राज्य सरकार भरतं, प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतूनच हवा. उत्पन्न, जात, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, यांतले जे दाखले तुम्हाला लागू असतील त्यांचे अर्ज वेळेत करा. बारावीच्या निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि एका दाखल्यापायी फेरी हुकते.