दुसऱ्याचं पाप येशूने का फेडायचं?

प्रश्न : ताई, मी गिरगावात राहतो, ऑफिसात एक वसईचा कॅथलिक मित्र आहे. गुड फ्रायडेच्या आधी विषय निघाला, तो म्हणाला येशू आपल्या पापांसाठी क्रूसावर मेला. मी म्हटलं, अरे पाप मी केलं तर मीच भोगायला नको का? आपल्याकडे करावं तसं भरावं. यात अन्याय नाही का? तो गप्प बसला.

उत्तर : गप्प बसला म्हणजे तुम्ही जिंकलात असं नाही हं. हा वाद तुमच्या गिरगावाच्या आसपासच किती जुना आहे बघा, १८५७ साली हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालायचे, लोक जमायचे ऐकायला.

पण गंमत अशी की तुमचा आक्षेप खुद्द ख्रिस्ती जगातलाच आहे. सुरुवातीला बरेच जण म्हणायचे की येशूचा जीव म्हणजे सैतानाला दिलेली खंडणी. अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्म नावाच्या ख्रिस्ती धर्मपंडिताने ते उडवून लावलं, सैतानाचं कसलं देणं लागतो देव? त्याचं म्हणणं, पापाने देवाचा मान मोडला, ते देणं माणसाचं, पण फेडायची ऐपत फक्त देवाची, म्हणून देवच माणूस झाला. पुढच्याच शतकात आबेलार हा फ्रेंच धर्मपंडित म्हणाला की क्रूसावरचं प्रेम बघून माणसाचं मन पालटतं, खरी सुटका ती. आणि जर्मन तत्त्वज्ञ कांट, १७९३ मध्ये, जवळपास तुमच्यासारखंच बोलला : पैशाचं कर्ज जामीनदार फेडू शकतो, बँकेला काय, हप्ता आला की झालं, पण अपराध ज्याचा त्याचाच राहतो. मला स्वतःला कांटचा मुद्दा खोडता येत नाही, आबेलार मात्र त्यातून बऱ्यापैकी सुटतो कारण तिथे शिक्षा इकडून तिकडे ढकललेलीच नाही. आणि चर्चच्या पहिल्या सात धर्मपरिषदांनी, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभांनी, यातली एकच उपपत्ती खरी असं कधी ठरवलं नाही, त्यामुळे मित्राला आधी विचारा की तो यातलं नेमकं काय मानतो.

आता तुमच्या बाजूचं. करावं तसं भरावं हे खरं, पण मग नामाने पापं जळतात असं आपले वारकरी कीर्तनात म्हणतात त्याचं काय? कृपा तिथेही आहेच की. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तरी तुकोबांना सोडलं नाही, आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं ते मानायचे. मित्राने नामाबद्दल उलट विचारलं तर काय सांगणार, ते ठरवून मगच पुन्हा विषय काढा.