जिन्याखालची पेटी आणि शंभराचा प्लान
वाचकांचे प्रश्न: अपार्टमेंटमधलं इंटरनेट

तालुक्याच्या गावांत आता तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: पैसे शंभर एमबीपीएसचे, वेग दहाचा.

प्रश्न: आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत. सगळ्यांनी एकाच केबलवाल्याकडून १०० एमबीपीएसचा प्लान घेतला आहे. दुपारी ९० मिळतात, रात्री आठ ते अकरा मात्र आठ-दहावर येतं. केबलवाला म्हणतो, राउटर बदला. बदलावा का? (वणी, जि. यवतमाळ)

उत्तर: बदलू नका. दुपारी ९० देणारा राउटर रात्री आठला म्हातारा होत नाही. ‘राउटर बदला’ हा सल्ला देणाऱ्याला फुकट पडतो, घेणाऱ्याला नाही.

आधी जिन्याखाली, मीटरच्या शेजारची पेटी उघडून पाहा. इमारतीत नेट दोन तऱ्हांनी आणतात. एक, बारीक फायबर (प्रकाश वाहून नेणारी काचेची तार) थेट तुमच्या घरात येतं आणि हिरव्या टोपीच्या जॅकने डबीत बसतं. दोन, फायबर जिन्याखालीच संपतं, तिथे प्रकाशाचा सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी मीडिया कन्व्हर्टर नावाची छोटी डबी असते, तिच्यापुढे एक लाइन अनेक घरांत वाटणारा आठ किंवा सोळा पोर्टचा (वायर लावायच्या खाचांचा) स्विच आणि स्विचमधून प्रत्येक घराला लॅन केबल. तुमच्या वर्णनावरून ही दुसरी तऱ्हा दिसते.

त्या कन्व्हर्टरवर काय छापलंय ते वाचा. ‘१०/१००’ असेल तर अख्ख्या इमारतीत मिळून १०० एमबीपीएसच येतात. बारा घरं एकाच वेळी सिरियल आणि क्रिकेट बघायला बसली की शंभर भागिले बारा, म्हणजे घरटी आठच्या आसपास. तुमचा रात्रीचा आकडा नेमका तोच आहे.

उपाय गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, कन्व्हर्टर आणि गिगाबिटचा स्विच. पण इथे एक फसगत होते. कन्व्हर्टर जोडीने चालतात: एका टोकाला ‘ए’, दुसऱ्याला ‘बी’. तुमच्याकडे गिगाबिटचा लावला आणि केबलवाल्याच्या टोकाला जुना १०० चाच राहिला, तर वेग वाढणं दूर, बहुधा लिंकच लागणार नाही. दोन्ही टोकं एकदमच बदलावी लागतात. केबलवाल्याच्या ज्या पोर्टातून ही लाइन निघते, ते पोर्टही गिगाबिटचं हवं.

खात्री करायची तर रात्री नऊला केबलवाल्याला बोलवा. स्विचमध्ये शिरणारी मुख्य वायर काढून सरळ लॅपटॉपला लावा, त्याच्या लॉगिनने नेट सुरू करा आणि वेग मोजा. इतर घरं तोडलेली असताना ९० मिळाले, तर अडचण इमारतीच्या वाटणीत आहे. तेव्हाही दहाच मिळाले, तर केबलवाल्याने पुढून विकत घेतलेली बँडविड्थच (सगळ्या ग्राहकांत वाटायचा एकूण वेग) कमी पडते. मग इमारतीत काहीही बदललं तरी फरक पडणार नाही.

घरापर्यंत फायबर असलेल्यांचं गणित वेगळं. तिथल्या जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या) यंत्रणेत एका फायबरवर खाली येणारा वेग सुमारे २.५ जीबीपीएस, म्हणजे २५०० एमबीपीएस, असतो आणि तो स्प्लिटर नावाच्या प्रकाश वाटणाऱ्या डबीतून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकाला ३९ च्या आसपास मिळतात, आणि तसं सहसा होत नाही. त्यामुळे अशा जोडणीत रात्रीचा वेग दहावर आला, तर संशय स्प्लिटरवर घेण्याआधी पुढच्या बँडविड्थवर घ्या.

मोजणी नेहमी वायर लावून, सकाळ-दुपार-रात्र अशी तीन दिवस करा. मोबाइलवर वायफायने काढलेला आकडा केबलवाला मान्य करणार नाही, आणि त्यात त्याचं चूक नाही.

प्रश्न: प्लान २०० चा घेतला. वेग कधीच ९४ च्या वर जात नाही, पण ९४ च्या खालीही येत नाही. (वरूड, जि. अमरावती)

उत्तर: आकडाच सगळं सांगतो. १०० च्या पोर्टातून डेटासोबतचा पत्ता-पाकिटाचा खर्च वजा जाता ९४-९५ हातात येतात. म्हणजे वाटेत कुठेतरी एक दुवा १०० चा आहे.

तीन जागा बघा. राउटरचं पोर्ट: स्वस्त राउटरवर वायफायचे मोठे आकडे छापलेले असतात, पण मागची पोर्टं १०० ची असतात. दुसरी जागा केबल. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा पुरतात (पिन १, २, ३ आणि ६), गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली तरी नेट बंद पडत नाही, लिंक मुकाट १०० वर उतरते. तिसरी जागा जिन्याखालचा स्विच. लॅपटॉपला वायर लावून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००/१०० दिसलं तर राउटर ते लॅपटॉप या टप्प्यातच दोष आहे. १०००/१००० दिसलं तर राउटरच्या पलीकडे शोधा.

पिना पुन्हा मारताना दोन्ही टोकांना हा क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून चांदीसारखी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते वळणावर तुटतं आणि पिनेत सैल होतं. निखळ तांब्याची कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या, आणि लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

प्रश्न: हिवाळ्यात वायफाय ठीक चालतं. एप्रिल लागला की मागच्या खोलीत रेंजच नाही. (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर: कूलर कुठे ठेवता? लोखंडी पत्र्याचं अंग, आत पाण्याची टाकी, बाजूला ओला वाळा: वायफायच्या लहरींसमोर एवढी पक्की भिंत आपल्याकडे दुसरी नाही. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषतं. राउटर आणि खोली यांच्या सरळ रेषेत कूलर येत असेल, तर दोहोंपैकी एक हलवा. राउटर हलवणं सोपं.

दुसरं कारण उष्णता. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो. वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवलेला राउटर दुपारी हँग होणारच. तो मधल्या पॅसेजमध्ये, पाच-सहा फुटांवर, उघड्यावर ठेवा. कपाटात नको, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर तर नकोच.

शेजाऱ्यांचे राउटर खूप असतील तर २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. चाळीस ठेवली तर तुमचा वेग वाढत नाही, शेजाऱ्यांशी भांडण तेवढं वाढतं. ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि टीव्ही त्यावर टाका. ते भिंतीपलीकडे कमी जातं, पण एकाच खोलीत त्याला तोड नाही.

प्रश्न: राउटर इन्व्हर्टरवर आहे, तरी लाइट गेली की नेट जातं. (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर: जिन्याखालचा स्विच आणि कन्व्हर्टर साध्या लाइटवर असणार. दोन्ही मिळून साधारण १०-१२ वॅट खातात. १२ व्होल्ट, ७ एएचच्या (अँपिअर-तासाच्या) बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. त्यातले अर्धेच धरले तरी साडेतीन-चार तास निघतात. बारा घरांनी वर्गणी काढली तर प्रश्न मिटतो. अडॅप्टरवरचे आकडे मात्र वाचा: कन्व्हर्टर बहुधा ५ व्होल्टचा असतो. त्याला १२ ची पिन लावली की तो त्याच क्षणी जातो. घरापर्यंत फायबर असेल, तर वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. तिथे घरची डबी आणि केबलवाल्याकडचं मुख्य यंत्र एवढंच चालू हवं.

याच पत्रात शेजारच्या इमारतीत गच्चीवरून लॅन केबल नेल्याचा उल्लेख आहे. ती पावसाळ्याआधी काढा. जवळपास वीज पडली तरी तांब्याच्या तारेतून झटका येतो आणि स्विचची पोर्टं जळतात. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, आणि त्यातली आधाराची पोलादी तार बाहेरच्या भिंतीवरच हुकला बांधून तोडा, पेटीपर्यंत आत नेऊ नका.

प्रश्न: वांदरं दर पंधरा दिवसांनी वायर तोडतात जी. जोडून दिली की दोन दिवस नेट चालतं, मग पुन्हा अडकत अडकत. (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर: वांदरांचा इलाज २५ मिलिमीटरचा पाइप. गच्चीवरून लोंबती वायर ठेवूच नका, भिंतीला धरून पाइपातून उतरवा.

अडकण्याचं कारण जोड आहेत. मशीनने वितळवून केलेल्या जोडात प्रकाश जवळजवळ घटत नाही. हाताने दाबून केलेला जोड प्रत्येक वेळी थोडा प्रकाश खातो, आणि पाच-सहा जोड झाले की डबी कशीबशी तग धरते. जोडायला आलेल्या मुलाला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावायला सांगा. वाचन उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजण्याचं एकक) असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेलं की नेट येईल-जाईल, आणि शेवटी डबीवरची लॉसची (सिग्नल तुटल्याची) लाल बत्ती लागेल. हिरव्या टोपीचा जॅक निळ्या टोपीच्या सॉकेटमध्ये घुसवलेला नाही ना, तेही बघा. घाईत हे सर्रास होतं. वाचन उणे २७ च्या पलीकडे असेल तर आणखी जोड मारू देऊ नका, खांबापासून घरापर्यंत अखंड नवी वायर मागा. उरलेली दोन मीटर वायर गुंडाळून ठेवताना वेटोळं बांगडीपेक्षा लहान नको.